आत्याच्या नावाचे शेअर

आमच्या घरात आत्याच्या नावाचं काही नव्हतं. रेशनकार्डावर तिचं नाव होतं, पण ते साखरेसाठी. माणशी मिळणारी साखर तिच्या नावावर यायची आणि सगळ्यांच्या चहात जायची. तिच्या स्वतःच्या चहात जरा कमीच.

ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न झाल्यावर वर्षभरात नवऱ्याने परत पाठवलेली. का पाठवली हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. आमच्याकडे अशा गोष्टी विचारायच्या नसतात, नुसत्या माहीत असायच्या असतात. बाबा मुंबईला नोकरीला लागले, घाटकोपरच्या चाळीत दीड खोली घेतली, लग्न केलं, आणि माझ्या वेळी आईच्या बाळंतपणासाठी म्हणून आत्याला मालवणकडच्या आमच्या गावाहून आणलं. बाळंतपण आटोपलं, आत्या राहिली. आईच्या मते ती तात्पुरती आली होती. आईचं ते मत वीस वर्षं टिकलं.

आईला मी दोष देत नाही. दीड खोलीत चार माणसं, आणि त्यातलं एक माणूस म्हणजे आपली नणंद, हा संसार करून बघावा म्हणजे कळतं. रात्री अंथरुणं घातली की आतली खोली आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत आत्याची चटई यायची. कोणाला मोरीकडे जायचं झालं तर तिला ओलांडून जावं लागे. ती कधी कुरकुरली नाही. पाय जवळ घेऊन, भिंतीकडे तोंड करून निजायची. तशीच निजायची सवय तिच्या अंगात मुरली होती.

शेअर म्हणजे फोर्टातल्या शेठ लोकांचं काम, अशी आमच्या चाळीची बरीच वर्षं समजूत होती. ऐंशीचं दशक निम्मं सरलं आणि ती समजूत एकाएकी पार उडाली. कोणाच्या तरी मेहुण्याला दहाच्या शेअरचे चाळीस मिळाले, एवढी बातमी पुरे झाली. नव्या कंपन्यांचे अर्ज स्टेशनबाहेर फुकट वाटले जायचे. रविवारचं मटण पचेपर्यंत पत्ते कुटणारे पुरुष आता पालथे पडून अर्ज भरायला लागले. मागणी जास्त आणि शेअर कमी असले की सोडत निघायची. त्यामुळे घरात जेवढी नावं तेवढे अर्ज, हा रिवाज पडला. समोरच्या खोलीतल्या काकांनी तर आपल्या वारलेल्या वडिलांच्या नावानेही अर्ज ठोकला. म्हातारा जन्मभर कमनशिबी म्हणून ओळखला गेला होता, त्याला मेल्यावर शेअर लागले. आता विकायला सही कोणाची आणायची, म्हणून काका डोकं धरून बसले. चाळ आठवडाभर हसत होती.

बाबा एका कचेरीत हेडक्लार्क होते. सावध माणूस. छत्री घेतल्याशिवाय मे महिन्यातही बाहेर न पडणारा. पण हा ताप त्यांनाही चढला. गुजरातेत रंगांची रसायनं बनवणारी एक कंपनी निघत होती. तिचे चार अर्ज त्यांनी भरले. स्वतःचा, आईचा, माझा आणि आत्याचा. पैसे अर्थातच सगळे त्यांचे.

आत्या तिसरीपर्यंत शिकली होती. बाबांनी पेन्सिलीने तिचं नाव फिकट लिहून दिलं, तिने त्यावरून पेन फिरवलं. पुढे विकताना सही अशीच लागेल, नाहीतर कागद परत येईल, असं बाबांनी बजावल्यावर तिने ती गोष्ट फारच मनावर घेतली. पेपराच्या कडेला, दिनदर्शिकेच्या मागे, वाण्याच्या पुडीच्या कागदावर ती स्वतःचं नाव गिरवत बसायची. भाजी निवडता निवडता बोट ताटात फिरायचं. आई म्हणायची, "काय शाळा चाललीय यांची!" मला मात्र ते बघून कसंतरी व्हायचं. पन्नाशीच्या बाईला स्वतःचं नाव लिहायचं निमित्त पहिल्यांदाच मिळालं होतं.

सोडतीत लागले ते फक्त आत्याला. आमचे तिघांचे पैसे परत आले. पोस्टमनने रजिस्टर पाकीट आणलं तेव्हा सही करून घ्यायला तिचंच नाव पुकारलं, आणि ती पदराला हात पुसत दारात गेली. आत दोन सर्टिफिकेटं होती, जाड, कडेला हिरवी वेलबुट्टी असलेली. दोन्हींवर इंग्रजीत तिचं नाव. बाबा हसून म्हणाले, "बाय, नशीबवान निघालीस गो!" ते आत्याला बाय म्हणायचे. आत्याने ती सर्टिफिकेटं आपल्या ट्रंकेत, लग्नातल्या एकुलत्या एक शालूच्या घडीत ठेवली. नीट राहतील म्हणून बाबांनीही ठेवू दिली.

दहाचा शेअर बाजारात आला तो अठ्ठावीसला. मग पस्तीस. मग पन्नास. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वह्या-पेनांचं दुकान होतं आणि दुकानात फोन होता, म्हणून दुकानाचा मालक शेअरवालाही झाला होता. तो फोर्टातल्या दलालाला फोन करायचा आणि भाव खडूने पाटीवर लिहायचा. बाबा कचेरीतून येताना आधी त्या पाटीपाशी थांबायचे, मग घरी.

पाटीवर काय लिहिलंय हे आम्हाला विचारावं लागत नसे. मी तेव्हा बी.कॉम.ला होते. बाजारात भाव कसा ठरतो, हे आम्हाला कॉलेजात फळ्यावर दोन तिरक्या रेघा काढून शिकवत. मला तो घरी, आत्याच्या चहात दिसायचा. पूर्वी तिला आमचा चहा झाल्यावर, त्याच चोथ्यात पाणी घालून उकळलेला चहा मिळायचा, तोही जर्मनच्या पेल्यातून. भाव चाळीसच्या पुढे गेला तसा तिला आमच्याबरोबर चहा मिळू लागला. साठ झाल्यावर कप मिळाला, कानाचा. आणि सत्तरच्या पुढे तर बाबांना मालवणी आठवायला लागली. आमच्याशी ते शुद्ध बोलायचे, चाळीत बोलायचे ते मुंबईचं. गावची भाषा त्यांनी केव्हाच खुंटीला टांगली होती. आता घरात शिरता शिरता हाक यायची, "बाय, च्या घेतलंस मां?"

आत्या हसायची. मला आधी वाटलं तिला बरं वाटतंय. बरं वाटतच असणार. पण एकदा बाबा बाहेर गेल्यावर कप विसळताना ती मला म्हणाली, "आज भाव वर गेलो दिसता." आणि खुदकन हसली. म्हणजे पाटी तीही वाचत होती.

त्याच सुमाराला बाबांनी मुलुंडला, पूर्वेला, वन रूम किचनचा ब्लॉक नोंदवला होता. चाळीतून ब्लॉकमध्ये जायचं हे आईचं स्वप्न नव्हतं, हट्ट होता. संडास घरात हवा, एवढंच तिचं म्हणणं. मी त्यात काही चूक मानत नाही. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढलं, आईच्या पाटल्या गेल्या, आणि तरी शेवटच्या हप्त्याला जेवढे कमी पडत होते तेवढे आत्याचे शेअर विकून येतील, असा हिशेब बसला. हिशेब बाबांनी आईला सांगितला, मला सांगितला. आत्याला सांगायचं राहिलं, कारण तिला काय सांगायचं?

आणखी एक गोष्ट ठरली होती. ब्लॉक लहान, त्यात मी लग्नाची. तेव्हा आत्याने आता गावी, धाकट्या काकांकडे जाऊन राहावं. हवाही मानवेल. ही बोलणी रात्री दबक्या आवाजात झाली होती, पण दीड खोलीत दबका आवाज म्हणजे काय असतो? मी ऐकलं. मधल्या जागेत चटईवर आत्या होती, तिनेही ऐकलंच असणार.

बाबांनी विक्रीचा फॉर्म आणला. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली, आणि फॉर्म व पेन आत्यासमोर ठेवलं. ती कोलंबी सोलत होती. तिने हात धुतले, पुसले, फॉर्म हातात घेतला, आणि विचारलं, "नव्या घरात माझी जागा खंय?"

"होईल गो काहीतरी," बाबा म्हणाले.

"होईल म्हणजे खंय?"

आई उठून कुकर लावायला गेली. कुकर आधीच लावलेला होता.

"तू जागा दाखव," आत्या म्हणाली, "मगे मी सही करतंय."

बाबा आधी हसले. थट्टा वाटली त्यांना. मग समजावलं. मग आवाज चढला. "पैसे माझे आहेत, बाय! माझ्या घामाचे! नाव फक्त तुझं घातलं मी!"

"व्हय," आत्या शांतपणे म्हणाली. "पैसे तुझे. नाव माझां."

ती पुन्हा कोलंबी सोलायला बसली. माझी आत्या, जी वीस वर्षांत मोठ्याने शिंकली नव्हती! मला टाळी वाजवावीशी वाटली. पण बाबांचं तोंड बघवत नव्हतं. ते चिडलेले नव्हते, हबकलेले होते. इतकी वर्षं ज्या खुंटीला सदरा अडकवला ती खुंटी एकाएकी बोलली तर माणूस कसा बघेल, तसे ते बहिणीकडे बघत होते.

पुढचे दोन-तीन पंधरवडे विचित्र गेले. गंमत अशी की शेअर आणखी चढला. नव्वद झाला. बाबा खूश झाले. "बायने अडवलं ते बरंच झालं," असं चाळीत सांगू लागले, जणू काही दोघांनी मिळून ठरवलं होतं. हप्त्याला अजून अवकाश होता. शंभर होऊ दे, मग बघू, असं म्हणत ते रोज पाटीपाशी उभे राहायचे. छत्री घेऊन फिरणाऱ्या माझ्या सावध बापाला जोखीम हा शब्द आता फक्त दुसऱ्यांसाठी आहे असं वाटू लागलं होतं.

शंभर झाला नाही. नव्वदचा ब्याऐंशी झाला, मग चौऱ्याहत्तर. बाजारच बसत चालला होता. दुकानापाशी जमणारी गर्दी आधी कुजबुजायला लागली, मग पांगली. बाबांचं जेवण कमी झालं. रात्री ते उठून बसायचे, पाणी प्यायचे, आत्याला ओलांडून मोरीत जायचे, परत यायचे. आत्या जागी असायची. दोघं एकमेकांशी बोलत नसत.

पेपरात मात्र भाव टिकून होता. सलग चार दिवस तोच आकडा. बाबांना धीर आला. ते दुकानात गेले आणि मीही बरोबर होते, मला पेन घ्यायचं होतं. बाबा म्हणाले, "पेपरात तर अडुसष्ट आहे."

दुकानदार फोन ठेवत म्हणाला, "साहेब, ते पेपरवाला भाव वाचायला असते. चार दिवस सौदाच नाय झाला, म्हणून जुना आकडा छापते. बेचायला गिऱ्हाईक लागते ना! भाव हाय, गिऱ्हाईक नाय."

"मग खरा भाव काय?"

"आज कोणी मागितला तर खरा. कोणी मागितलाच नाय, तर कसला भाव?"

बाबांनी त्या पाटीकडे बघितलं. पाटी कोरी होती. घरी येताना त्यांनी मला विचारलं, "तुमच्या कॉलेजात हे शिकवतात का गं?" मी म्हटलं, शिकवतात, पण असं नाही शिकवत.

त्या रविवारी बाबा आत्याला म्हणाले, "चल, जागा दाखवतो." तिघं मुलुंडला गेलो. आई आली नाही, डोकं दुखतंय म्हणाली.

इमारत उभी राहिली होती, भिंतींना गिलावा व्हायचा होता. जिन्याला कठडा नव्हता, आत्या भिंतीला धरून धरून तीन मजले चढली. बाबांनी खोली दाखवली, ओटा कुठे येणार ते दाखवलं, घरातला संडास दाखवला. मग खोलीच्या पुढची गॅलरी दाखवली. "ही पुढे बंद करून घेऊ. पावसाला ताडपत्री लावू. इथे तुझं अंथरूण. वारा छान येतो बघ."

आत्याने गॅलरीकडे बघितलं. मग चपला बाहेर काढल्या, जशा देवळाबाहेर काढतात तशा, आणि खाली बसून सरळ आडवी झाली. सिमेंटच्या धुळीत, विटांचे तुकडे पडले होते त्यात. नऊवारी नेसलेली माझी आत्या उघड्या गॅलरीत उताणी पडली होती, आणि समोरच्या परांचीवर काम करणारे मजूर हातातली फावडी थांबवून बघत होते.

"बाय, ऊठ गो," बाबा घाईघाईने म्हणाले, "लोक बघतात."

ती उठली नाही. तिने पाय लांब केले. टाचा भिंतीला टेकल्या, गुडघे वर राहिले. मग ती कुशीवर वळली, पाय जवळ घेतले, भिंतीकडे तोंड केलं. घरी निजते तशी. क्षणभर डोळेही मिटले.

"मावतंय," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. मी बाबांना म्हटलं, "तुम्ही झोपून बघा ना एकदा. तुम्ही मावता का बघू." बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की आता थोबाडीत बसणार असं मला वाटलं. पण ते वळून ओट्याच्या जागेकडे निघून गेले आणि उगाच भिंतीवर हात फिरवत उभे राहिले. आत्या उठली, पाठीची धूळ मला झटकायला लावली, आणि जिना उतरायला लागली.

संध्याकाळी तिने ट्रंक उघडली. शालूच्या घडीतून एक सर्टिफिकेट काढलं. विक्रीच्या फॉर्मवरच्या फुलीवर, जीभ दातांत धरून, सावकाश सही केली. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बाबांनी दुसऱ्या सर्टिफिकेटासाठी हात पुढे केला.

"एक कागद आता," आत्या म्हणाली. "दुसरो रवांदे माझ्याकडे."

बाबांच्या कपाळाची शीर उडत होती. पण त्यांनी हात मागे घेतला. अर्धं तर अर्धं. दुसऱ्या दिवशी ते विकायला गेले. पेपरातल्या आकड्याच्या कितीतरी खाली गिऱ्हाईक सापडलं, तेही दुकानदाराने दोन दिवस फोन फिरवल्यावर. उरलेल्या पैशांसाठी बाबांनी पतपेढीतून कर्ज काढलं. हप्ता गेला, ब्लॉक राहिला. आईने देवापुढे साखर ठेवली.

त्या रात्री चटई घालताना मी आत्याला विचारलं, "दुसरं का नाही दिलंस?"

"मी पोरगी असताना आयेबरोबर बाजारात मासळी घेऊन बसायचंय," ती म्हणाली. "पाटयेत दोन तरी मासे ठेवूचे लागतत, चेडवा. पाटी रिकामी झाली की गिऱ्हाईक तोंडाकडे बघणा नाय." मग म्हणाली, "एक दिलंय तां त्येच्यासाठी. जेवणा नाय होतो गो माझो भाव." मालवणीत भाव म्हणजे भाऊ, हे सांगायला नको.

मुलुंडला गेल्यावर पहिलं वर्ष चांगलं गेलं. खरंच चांगलं गेलं. आत्या गॅलरीत निजायची. तिला कोणी ओलांडत नव्हतं, आणि सकाळी उठल्यावर तिला आधी आभाळ दिसायचं, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. गॅलरीच्या कठड्यावर तिने डब्यात ओवा लावला. बाबा कचेरीतून आले की विचारायचे, "बाय, वारो लागता मां?" कानाचा कप होता. शेअर चाळिशीत घुटमळत होता आणि बाबांना अजून वाटत होतं की तो उठेल. उठला की बायचा दुसरा कागद विकायचा आणि पतपेढीचं फेडायचं. तसं ते बोलूनही दाखवायचे. आत्या हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही. "बघूया मां," म्हणायची.

मग कंपनीच्या कारखान्यात काहीतरी बिनसलं. संप झाला म्हणे, मग टाळेबंदी. शेअर वीसवर आला, मग दहाच्या खाली. पेपरात बरेच दिवस एकच आकडा राहिला. तोपर्यंत आम्हाला सगळ्यांना कळलं होतं त्याचा अर्थ काय. नंतर आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ यायला लागली. बाबा तरीही रोज बोट फिरवत त्या नावापर्यंत जायचे. एके दिवशी रेघही नव्हती. नावच नव्हतं. बाबांचं बोट वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. मग त्यांनी पानाची घडी घातली आणि त्यानंतर ते पान उघडलं नाही.

कपाचा कान केव्हा तुटला, मला आठवत नाही. कपाची जागा पेल्याने कधी घेतली तेही कोणी ठरवून केलं नाही. आई वाईट बाई नव्हती. बाबा तर नव्हतेच. कोणी आत्याला एक वाकडा शब्द बोललं नाही, आणि ह्याचाच मला सगळ्यात जास्त राग यायचा. कोणी बोललं असतं तर भांडता आलं असतं. नुसती मालवणी बंद झाली. "वारो लागता मां" थांबलं. बाबा आले की चपला काढायचे, पेपर घ्यायचे, आणि गॅलरीचं दार त्यांच्या डाव्या हाताला असायचं तिकडे बघायचे नाहीत.

आत्याला ते कळत होतं. ट्रंक ती हल्ली वरचेवर उघडायची. कागद काढायची, डांबराची गोळी बदलायची, परत ठेवायची. एकदा मी तिला पेपराच्या कडेला सही गिरवताना पाहिलं. मी म्हटलं, "आता कशाला, आत्या?" ती म्हणाली, "विसराक होता. लागली तर?"

माझी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. एक दिवस आई म्हणाली की लोक घर बघायला येतात, गॅलरीत अंथरूण, ट्रंक, म्हातारं माणूस, बरं दिसत नाही. मी ताडकन म्हटलं, "ज्याला बरं दिसत नाही त्याच्याशी मला लग्न करायचं नाही." आई म्हणाली, "तुला काय कळतंय." बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "थोडे दिवसच गं. हवापालट होईल तिला. लग्न झालं की आणू परत." म्हणजे ह्या खेपेला माझं नाव वापरलं होतं. मी रडले, भांडले, एक दिवस जेवले नाही. आत्यानेच मला समजावलं, भरवलं. तिला वाद नको होता. किंवा वाद घालायला तिच्या हातात काय उरलं होतं, ते तिला आमच्यापेक्षा नीट माहीत होतं.

जायच्या दिवशी एस.टी. संध्याकाळची होती. आत्याने ट्रंक खोलीच्या मधोमध आणून उघडी ठेवली होती. दुपारपासून भरत होती, आणि भरण्यासारखं होतं काय? चार लुगडी, चष्मा, ओव्याची पुडी. सगळं भरून झाल्यावर तिने शालू वर घेतला, घडी उलगडली, आणि सर्टिफिकेट काढून सगळ्यात वर ठेवलं. हिरवी वेलबुट्टी अजून तशीच होती. झाकण उघडंच ठेवून ती शेजारी बसून राहिली.

बाबा ट्रंकेला बांधायला सुतळी घेऊन आले. कागद त्यांना दिसला. न दिसण्यासारखा नव्हताच.

आत्या म्हणाली, "ह्यो कागद. तुका व्हयो तर ठेव. सही करून देतंय आता. जमता माका अजून."

मी दाराला टेकून उभी होते. मला वाटलं, बाबा आता हात पुढे करतील. खोटा का होईना, पुढे करतील. म्हणतील की हो, दे, काय सांगावं, उठेल एखाद्या दिवशी. जाता जाता तिने एवढंच मागितलं होतं, की तिच्याकडे कोणी काहीतरी मागावं.

बाबा खाली बसले. किती तरी महिन्यांनी त्यांनी आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, मी खोटं सांगत नाही. आणि त्यांना पुन्हा मालवणी आठवली.

"माका कित्याक, बाय?" ते म्हणाले. "रवांदे तुझ्याकडेच. तुझोच आसा तो."

ते प्रेमाने बोलले. आपण मोठ्या मनाने वागतोय असंच त्यांना वाटलं असणार. बाबांना जाऊन आता खूप वर्षं झाली, त्यांच्या बाकीच्या सगळ्या गोष्टी मी केव्हाच सोडून दिल्या, पण ते ‘मला कशाला’ मला अजून माफ करता आलेलं नाही.

आत्या "बरां," म्हणाली. तिने कागद परत शालूच्या घडीत घातला, झाकण लावलं, आणि सुतळी बांधायला सोपं जावं म्हणून ट्रंक आपल्या हाताने धरून ठेवली. मग बाबांनी एक कडी धरली, मी दुसरी धरली, आणि आम्ही ती खाली रिक्षेपर्यंत नेली.